‘अल्फेलियन’ची थंडी: त्या फॉरवर्डमधला एकेक दावा तपासून बघू

जूनच्या आसपास तो मेसेज दरवर्षी परत फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर येतो, आणि मग दोन दिवसांत एखाद्या पोर्टलवर ‘पृथ्वी सूर्यापासून सर्वात दूर, काय परिणाम होणार?’ अशी बातमी पण येते. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी ‘अल्फेलियन’ सुरू होतंय, पृथ्वी सूर्यापासून खूप लांब जाणार, एरवी हे अंतर ५ प्रकाश-मिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर असतं ते आता १५ कोटी २० लाख किलोमीटर होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त. हे ऑगस्टपर्यंत चालणार, कधी नव्हे इतकी थंडी पडणार, अंगदुखी, घसादुखी, ताप, खोकला, श्वासाचा त्रास होणार, तेव्हा व्हिटॅमिन आणि सप्लिमेंट घेऊन इम्युनिटी वाढवा.

शिकलेली माणसं हा मेसेज पुढे पाठवतात, कारण त्यात आकडे आहेत आणि एक आकडा चक्क खरा आहे. म्हणून नुसतं ‘फेक आहे’ म्हणून सोडून न देता एकेक वाक्य धरून बघते.

सगळ्यात आधी ते ९ कोटी किलोमीटर, कारण बाकी सगळा मेसेज या एका आकड्यावर उभा आहे.

सूर्य ते पृथ्वी सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे, आपण शाळेत १५ कोटी म्हणून पाठ केलंय तेच. प्रकाशाला सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात, म्हणजे ५०० सेकंद, आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, गुणाकार करा, १५ कोटी येतात. मेसेजवाल्याने काय केलंय तर ८ मिनिटं २० सेकंदांच्या जागी ५ मिनिटं धरलीत. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, गुणिले ३ लाख, झाले ९ कोटी. गुणाकार बरोबर आहे पण मूळ ५ मिनिटंच चुकीची आहेत.

आता खरंच एरवी आपण ९ कोटीवर असतो असं घटकाभर धरून चाला. शुक्र सूर्यापासून सुमारे १० कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे आणि बुध सरासरी ५ कोटी ८० लाखांवर. म्हणजे वर्षभर आपली पृथ्वी शुक्राच्याही आत, बुध आणि शुक्राच्या मधे फिरत असती आणि आत्ता मिळतं त्याच्या पावणेतीन पटीपेक्षा जास्त ऊन आपल्यावर पडत असतं. समुद्र राहिले नसते, मेसेज पाठवणारं तर कोणीच राहिलं नसतं.

१५ कोटी २० लाख हा दुसरा आकडा मात्र खरा आहे! जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी साधारण १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते, याला इंग्रजीत ‘अफेलियन’ (मेसेजमधलं ‘अल्फेलियन’ हे त्याचंच बिघडलेलं रूप) आणि मराठीत अपसूर्य स्थिती म्हणतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सगळ्यात जवळ असते, १४ कोटी ७१ लाखांच्या आसपास, ती उपसूर्य स्थिती. फरक ५० लाख किलोमीटर. ऐकायला प्रचंड वाटतो पण १५ कोटींतले ५० लाख म्हणजे जेमतेम ३.३ टक्के. खरा आकडा घ्यायचा, त्याच्या शेजारी खोटा आकडा ठेवायचा आणि दोघांतला फरक टक्क्यांत सांगायचा, एवढीच या मेसेजची युक्ती आहे. आणि त्यांचेच आकडे घेतले तरी ६६ टक्के येत नाहीत हो, ९ कोटीवरून १५ कोटी २० लाख म्हणजे ६ कोटी २० लाखांची वाढ, ती भरते जवळजवळ ६९ टक्के. कॅल्क्युलेटर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, आणि हाच फोन फॉरवर्ड करायला वापरतो आपण.

‘उद्या पहाटे ५:२७’ बद्दल फार लिहायला नको. तारीख कधीच नसते, फक्त ‘उद्या’, म्हणजे मेसेज कुठल्याही दिवशी ताजाच वाटणार. आपल्या घड्याळाप्रमाणे २०२२ मध्ये अपसूर्य ४ जुलैला दुपारी होतं, २०२४ मध्ये ५ जुलैला सकाळी साडेदहाच्या सुमाराला. आणि हे काही बटण दाबल्यासारखं सुरू होत नाही. अपसूर्याच्या आठवडाभर आधीचं अंतर आणि त्या दिवशीचं अंतर यात वीसेक हजार किलोमीटरचाच फरक असतो, १५ कोटींच्या हिशोबात तो कुठे मोजणार.

बरं, ३.३ टक्के तर ३.३ टक्के, तेवढ्याने थंडी पडते का? हा प्रश्न योग्य आहे आणि इथे जरा थांबायला पाहिजे.

अंतरातल्या या फरकामुळे पृथ्वीवर पोचणारं ऊन जानेवारीच्या तुलनेत जुलैत सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतं, हे खरं आहे. पण ऋतू या ७ टक्क्यांवर ठरत नाहीत, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे त्यावर ठरतात. पुण्याचंच घ्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, क्षितिजापासून ८५ अंशांच्या वर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी सुद्धा ४९ अंशांच्या आसपासच चढतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च फरशीवर सरळ धरा आणि मग तिरका धरा, तिरका धरल्यावर तोच उजेड जास्त जागेत पसरतो आणि फिका पडतो, ऊनही तसंच. नुसत्या या तिरकेपणाने दुपारच्या उन्हात चौथाईच्या आसपास घट येते, त्यापुढे अंतराचे ७ टक्के किती पुरणार? त्यात दिवसाची लांबी धरा. घरातल्या कॅलेंडरवर सूर्योदय-सूर्यास्त छापलेला असतो, तो बघा, पुण्यात जुलैच्या सुरुवातीला दिवस तेरा तासांच्या वर असतो आणि जानेवारीच्या सुरुवातीला अकरा तासांच्या आसपास. म्हणजे सूर्य लांब असताना आपल्याला ऊन जास्त वेळ आणि जास्त सरळ मिळतं.

मेलबर्न, सिडनीत राहणारे मराठी लोक म्हणतील की आमच्याकडे जुलैत थंडी असते की, मग? असते, कारण तेव्हा दक्षिण गोलार्ध सूर्यापासून पलीकडे कललेला असतो. पृथ्वी तीच, त्या दिवशीचं अंतर पण तेच, तरी एकीकडे हिवाळा आणि दुसरीकडे उन्हाळा, तेव्हा अंतरामुळे थंडी पडते हे म्हणणं इथेच संपतं.

आता ‘कधी नव्हे इतकी थंडी’. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट इथे आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. विसाव्या शतकातली अख्ख्या पृथ्वीची सरासरी काढली तर जानेवारीत तापमान १२ अंश सेल्सियस येतं आणि जुलैत १५.८. म्हणजे सूर्यापासून सगळ्यात लांब असतानाच पृथ्वी सगळ्यात गरम असते! कारण जमीन उत्तर गोलार्धात जास्त आहे, जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि जुलैत उत्तरेकडे उन्हाळा असतो. जगात नोंदलेलं सर्वात जास्त तापमान, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचं ५६.७ अंश, ते १० जुलै १९१३ चं, अपसूर्यानंतर काही दिवसांतलंच. आणि युरोपच्या कोपर्निकस संस्थेच्या नोंदींमध्ये पृथ्वीचा तोपर्यंतचा सगळ्यात उष्ण दिवस ठरला २२ जुलै २०२४, अपसूर्याला तीन आठवडे पण झाले नव्हते. मेसेज ज्या काळात थंडीचा इशारा देतो तेव्हा जग तापलेलं असतं.

पण जुलैत आपल्याकडे गार वाटतं ना, यावर लोक अडतात. वाटतंच. ढग असतात, पाऊस असतो, ऊन खालपर्यंत पोचत नाही, कपडे वाळत नाहीत, भिजून आलो की हुडहुडी भरते. हा पावसाळा आहे, दरवर्षीचा. उलट मोसमी वारे आपल्याकडे ओढले जातात त्याचं एक मोठं कारणच हे की उन्हाळ्यात आपली जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते.

‘हे ऑगस्टपर्यंत चालेल’ यात नवीन काय आहे कळत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. लांब असताना पृथ्वी किंचित हळू चालते, म्हणून मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत साधारण १८६ दिवस होतात आणि तिथून परत मार्चपर्यंत १७९च. कॅलेंडर घेऊन मोजता येतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रत्येक वर्षी अपसूर्य पाहिलंय, म्हणजे ‘अनुभवलंय’ म्हणा, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. जानेवारी आणि जुलैत फिल्टर लावलेल्या एकाच कॅमेऱ्याने सूर्याचे फोटो काढून शेजारी ठेवले तर जुलैचा सूर्य किंचित लहान दिसतो, पट्टी लावली तर तीन-साडेतीन टक्क्यांनी. (सूर्याकडे फिल्टरशिवाय बघू नका, कॅमेऱ्यातून तर अजिबातच नको.)

आता आजार. सर्दी-खोकला-ताप पावसाळ्यात वाढतात हे कोण नाकारेल, भारतात फ्लूची एक लाट जानेवारी ते मार्च येते आणि दुसरी पावसाळ्याच्या शेवटाकडे. जानेवारीतली लाट तर सूर्य सगळ्यात जवळ असताना सुरू होते. व्हायरस माणसाकडून माणसाकडे जातो, बंद खोल्या आणि गर्दीतून पसरतो, सूर्य ५० लाख किलोमीटर इकडे की तिकडे याने त्याला काही फरक पडत नाही.

बातम्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पोर्टलवाले बहुतेक वेळा खोटं लिहीत नाहीत, ‘सर्वात दूर’ हे खरंच असतं. पण किती दूर, कशाच्या तुलनेत, हे चौथ्या-पाचव्या परिच्छेदात, आणि हेडलाइनमध्ये प्रश्नचिन्ह. सुपरमूनचं, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाच्या पौर्णिमेचं, पण हेच. ‘चंद्र १४ टक्के मोठा, ३० टक्के तेजस्वी दिसणार’ असं छापतात, लोक गच्चीवर जातात आणि म्हणतात नेहमीसारखाच तर आहे. कारण ते १४ टक्के हे चंद्र सगळ्यात लांब असतानाच्या पौर्णिमेच्या तुलनेत असतात, नेहमीच्या चंद्राच्या तुलनेत फरक साधारण ७ टक्के, तो नुसत्या डोळ्यांना कसा कळणार. ‘पेक्षा’च्या आधी काय आहे ते लिहायला एक ओळ लागते, ती ओळ हेडलाइनखाली लगेच द्या एवढंच मागणं आहे. विज्ञानाच्या बातम्या मराठीत आधीच कमी येतात, त्यातून वाचणाऱ्याची निराशा झाली तर खरोखरच्या मोठ्या बातमीला तो येणार नाही.

शेवटचा मुद्दा, जो मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतो: ‘अगं खोटं असेना का, काळजी घ्यायला सांगितलंय, त्यात काय वाईट?’

माझ्या मावशीला दमा आहे. हा मेसेज आल्यावर तिने सकाळचं फिरणं बंद केलं, खिडक्या घट्ट लावून घेतल्या, आणि कोणीतरी सुचवलेल्या गोळ्यांचा डबा मागवला, व्हिटॅमिन सी आणि डी, दोन्ही तगड्या डोसमध्ये. रोज व्हिटॅमिन सी घेतल्याने सर्वसाधारण माणसाला सर्दी होणं टळत नाही, झालेली सर्दी थोडी लवकर बरी होते इतकंच अभ्यासांत दिसतं. डी चं तर उलट आहे, गरजेपेक्षा फार जास्त आणि फार दिवस घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढून त्रास होतो, म्हणून ते डॉक्टरला विचारून घ्यायचं औषध आहे. आणि बंद खिडक्यांमुळे घरात ओल साठली, कपाटामागे भिंतीवर काळी बुरशी धरली. दमा वाढला तेव्हा ‘अल्फेलियन आहे, ऑगस्टपर्यंत असंच राहणार’ म्हणून ती दवाखान्यात जायलाच तयार नव्हती. शेवटी मी घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी घरात ओल आहे का विचारलं, मग इनहेलर कसा घेता ते तिला करून दाखवायला लावलं, तिची पद्धत दुरुस्त केली, फ्लूच्या लशीबद्दल सांगितलं आणि गोळ्यांचा डबा बंद करायला सांगितला. भिंत पुसून घेतली, पाऊस थांबला की खिडक्या उघडायला लागलो, आणि तिचं फिरणं जुलैतच परत सुरू झालं.