बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या प्रत्येक मुलाच्या हातात ब्युरेट द्या

जर्नल पूर्ण, सगळ्या सह्या झालेल्या, प्रॅक्टिकलला भरपूर मार्क, आणि समोर ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची उभी नळी) ठेवलं की त्याचा स्टॉपकॉक, म्हणजे खालची तोटी, कशी धरायची ते कळत नाही. जळगाव-धुळ्याकडची बी.एस्सी. झालेली मुलं क्वालिटी कंट्रोलच्या नोकरीसाठी येतात तेव्हा हे मी वारंवार पाहतो आणि जीव तुटतो. मुलं हुशार असतात, मोलॅरिटीचं, म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं, गणित तोंडी सोडवतात. पण एका ब्युरेटभोवती अख्खी बॅच उभी राहिलेली असते. एक जण टायट्रेशन करतो, म्हणजे रंग बदलेपर्यंत द्रावण सोडून किती लागलं ते मोजतो, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. मग हाताला वळण लागणार कसं?

पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, काढायचा प्रयोग घ्या. ५० मिली पाणी, पीएच १० वर स्थिर ठेवणारा बफर, रंग बदलून शेवट दाखवणारा चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि वरून ब्युरेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं ईडीटीए. 'वाइन रेड ते निळा' असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मध्ये जांभळट छटा येते आणि नवखा तिथेच थांबतो. शेवटी शेवटी ही अभिक्रिया सावकाश होते, म्हणून एकेक थेंब सोडायचा, फ्लास्क फिरवायचा, थांबायचं, खालच्या पांढऱ्या टाइलवर रंग बघायचा, लालसरपणा पुरता गेला की मगच रीडिंग घ्यायचं. व्हिडिओ आधी जरूर दाखवा, पण डोळ्याला ती छटा ओळखता येते ती स्वतः केल्यावरच.

आणि खान्देशात नमुन्यांना काय तोटा? 'आमनं पानी भलतं जड शे' हे बोअरवेलवाल्या घरोघरी ऐकू येतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. प्रत्येक मुलाला घरच्या पाण्याची बाटली आणायला सांगा. ०.०१ मोलर ईडीटीए २१ मिली लागलं, तर कठीणता लिटरला ४२० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० ची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. हा आकडा पोरगी घरी जाऊन आईला सांगेल! शिवाय प्रत्येकाचं पाणी वेगळं, त्यामुळे शेजारच्याचं रीडिंग उतरवून काही उपयोग नाही.

शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक ओढाताण करून शिकवतात, हे मला दिसतं. त्यांना दोष द्यायचा नाही. बॅच लहान करणं आणि लॅब असिस्टंट नेमणं हे संस्थेचं काम आहे, त्यांनी ते करावं.

परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांना मात्र हात जोडून विनंती आहे. जर्नल उघडण्याआधी प्रत्येकाला अनोळखी नमुना द्या आणि जुळणारी तीन रीडिंग तुमच्यासमोर काढून घ्या.