सर्दीत दूध-भात बंद? आणि तान्ह्याला मध? कृपया हे वाचा

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: सर्दी झाली की दूध, दही, केळं, भात सगळं बंद करा, कफ वाढतो, आणि लहान बाळांनाही आल्याच्या रसात मध चाटवा.

आधी मधाचं, कारण ते जिवावर बेतू शकतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, बोटभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, दूध ओढत नाही, श्वासही अडखळू शकतो. घरचा, शुद्ध, उकळलेला मध असला तरी हा धोका टळत नाही. वर्षावरच्या मुलांना मात्र खोकल्यात चमचाभर मधाने आराम पडतो.

दुधाने शेंबूड वाढत नाही. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात मुद्दाम सर्दीचा विषाणू दिलेल्या लोकांच्या नाकातला स्राव मोजला गेला. दूध जास्त पिणाऱ्यांत तो जास्त निघाला नाही. दूध लाळेत मिसळून घशाशी दाटसर लागतं, तेवढंच. ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांची गोष्ट वेगळी.

भात सोडायचंही कारण नाही. तोंडाला चव नसताना गरम मऊ भात, तूप-मेतकूट किंवा वाफाळतं कुळथाचं कळण यांच्याइतकं सुखाने दुसरं काय पोटात जातं?

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर निदान मधाबद्दलचा हा खुलासा टाका.