अण्णांची शुगर कुणाकुणाला माहीत आहे?

गेल्या उन्हाळ्यात परभणीत अण्णांनी शुगर तपासली, घराजवळच्याच एका लॅबमध्ये, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो म्हणून नंबर दिला आणि विषय संपला. आठच दिवसांत फोन आला, "काका, तुमची शुगर वाढलीय ना? आमच्याकडं पावडर आहे, तीन महिन्यांत गोळ्या बंद." समोरच्याला नाव माहीत, गाव माहीत, उपाशीपोटीचा आकडासुद्धा माहीत. अण्णांना वाटलं डॉक्टरांकडचाच माणूस बोलायलाय. ६,८०० रुपयांचे डबे घरी आले आणि अण्णांनी गोळ्या सोडल्या, आणि मला हे कळलं दोन महिन्यांनी, आई व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेली की ह्यांचे पाय सारखे बधीर व्हायलेत म्हणून.

मी इथं फ्रँकफर्टमध्ये, हातात फोन घेऊन नुसता तडफडत बसलो. माहिती लॅबमधून गेली, का रिपोर्टचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याकडून, का आणखी कुठून, हे मला सिद्ध करता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे, की आपल्या बापाची माहिती कुणाच्या हातातून कुठं गेली हे विचारायचं कुणाला हेच कळत नाही.

घरच्या ग्रुपवर टाकलं तर चुलतभाऊ म्हणाला, आपल्याकडं लपवण्यासारखं काय हाय? दुसरा म्हणाला, तू तिकडं जाऊन उगं बाऊ करायलास, गावात तर कुणाच्या चुलीवर काय शिजलं ते पण सगळ्यांना माहीत असतंय. हे दुसरं बोलणं मी बरेच दिवस डोक्यात घोळवलं कारण ते खोटं नाही. आमच्या गावात पारावर बसलेल्या माणसाला कुणाची सोयाबीन किती झाली, कुणाचं सोसायटीचं कर्ज थकलं, कुणाच्या पोरीचं कुठं जमायलंय, सगळं माहीत असतं. पण ते दोन्हीकडून असतं ना. त्याला माझं माहीत, मला त्याचं माहीत, आणि उद्या त्यानं माझ्याबद्दल काही वाईट पसरवलं तर मी त्याच्या दारात जाऊन विचारू शकतो, का रे बाबा असं का बोललास? अण्णांना फोन करणाऱ्याचं दार कुठाय? त्याला यांचं सगळं माहीत आणि यांना त्याचं नावसुद्धा माहीत नाही. मला जी खाजगी माहितीची काळजी आहे ती लपवण्याची नाहीच, ती ह्या एकतर्फीपणाची आहे.

इथं पण काही सगळं सोनं नाही. फोन तोच, अॅप तीच, वेबसाइटवर कुकीजची, म्हणजे आपला माग ठेवायच्या परवानगीची, पाटी आली की घाईत मी पण 'सगळं मान्य' दाबतो. सुपरमार्केटचं पॉइंट्सचं कार्ड आम्ही चार वर्षं वापरलं, दोनचार युरो वाचतात म्हणून. पण इथं युरोपचा जीडीपीआर म्हणून कायदा आहे, २५ मे २०१८ पासून लागू, त्यात कुठल्याही कंपनीला विचारता येतं की माझ्याबद्दल तुमच्याकडं काय काय आहे ते दाखवा, आणि तिला साधारण महिनाभरात फुकट उत्तर द्यावं लागतं. मी पत्र पाठवलं, कार्डवाल्यांचं जाड पाकीट आलं. तारीख, वेळ, दुकान, वस्तू. त्यात मुलीचे डायपर होते, साईज दोन, मग तीन, मग चार. पोरगी कशी कशी मोठी झाली ते मी त्या कागदावर वाचलं, आमच्या घरातल्या अल्बमच्या आधी ते कुण्या कंपनीकडं लिहिलेलं होतं. त्याच दिवशी कार्ड बंद केलं आणि माहिती पुसायला सांगितली, पुसली म्हणून लेखी कळवलंसुद्धा.

शेजारी एक आजी राहतात, मूळच्या लाइपझिगच्या, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतल्या. ब्रेडपासून औषधापर्यंत सगळं रोखीनं घेतात. तिथल्या गुप्त पोलिसांनी, श्टाझीनं, त्यांच्यावर फाइल ठेवलेली होती, १९९१ च्या कायद्यानं त्या फाइली ज्याच्या त्याला वाचायला मिळायला लागल्या तेव्हा त्या जाऊन वाचून आल्या. इकडच्या लोकांना ही सावधगिरी अशी सोसून आलेली आहे. मी राहतो त्या हेसन राज्यानं १९७० मध्येच डेटा संरक्षणाचा कायदा केला, जगातला पहिला. १९८३ ला जनगणनेवरून देशभर विरोध झाला आणि त्यांच्या घटना न्यायालयानं सांगितलं की आपल्या माहितीचं काय करायचं हे ठरवायचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे.

आपल्याकडं पण कोर्टानं सांगितलंय की. २४ ऑगस्ट २०१७, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून. मग २०२३ ला डिजिटल डेटाचा कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ ला आले आणि मुख्य कलमांसाठी आणखी १८ महिने, म्हणजे मे २०२७. या कायद्यात मला मनापासून आवडलेली एक गोष्ट आहे, संमती मागतानाची सूचना ग्राहकाला मराठीत पण वाचायची सोय द्यावी लागेल, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत. दंड पण २५० कोटींपर्यंत. पण तो दंड जाणार सरकारी तिजोरीत, अण्णांसारख्याला भरपाई मिळायची तरतूद त्यात नाही, उलट खोटी किंवा उगाचची तक्रार केली म्हणून ग्राहकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अण्णांसारखा माणूस हे ऐकून तक्रार करेल का? माझ्या मते नाही करणार, तो म्हणेल जाऊ दे, पावडरीचे पैसे गेले ते गेले.

आणि कायदा यायच्या आधी सुद्धा काही गोष्टी होत्याच. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना कळवलं होतं की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. तरी मागच्या दिवाळीत आईसोबत साडीच्या दुकानात गेलो तर काउंटरवरचं पोरगं, "काकू, नंबराशिवाय बिल निघत नाही." आईनं लगेच सांगितला, दहाच्या दहा आकडे, मोठ्यानं, मागं रांगेत सात-आठ माणसं उभी. मी काही बोलायच्या आत झालं. बाहेर आल्यावर म्हणाली, अरे लेकरू मागायलंय तर नाही कसं म्हणायचं. आपल्या माणसांचा हा मोकळेपणा मला फार प्रिय आहे, त्याच्यावरच मी वाढलो, आणि नेमका त्याचाच कुणीतरी धंदा करावा हे मला सहन होत नाही.

अण्णांनी गोळ्या परत सुरू केल्यात, पायांचं अजून पूर्ण बरं नाही. लॅबला मी दोन ईमेल केले, माझ्या वडिलांचा रिपोर्ट कुणाकुणाला गेला ते कळवा म्हणून. चार महिने झाले, उत्तर नाही. डिसेंबरात येतोय. अण्णांना सोबत घेऊन स्वतः तिथं जाणार आहे, आणि प्रश्न त्यांनीच विचारायचा असं आमचं फोनवर ठरलंय.