रोनाल्डो येईल न येईल, लीगचं काय?

हे लिहितोय तो 2025 चा ऑगस्ट आहे. 15 ऑगस्टला क्वालालंपूरला आशियाई चॅम्पियन्स लीग टूची गटवारी निघाली आणि एफसी गोवाच्या गटात सौदीचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा क्लब, पडला. तेव्हापासून गोव्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनला एकच विषय आहे. फोंड्याच्या मामाने तर मी बरा आहे की नाही हेही न विचारता सुरुवात केली, "रोनाल्डो येतलो म्हणटात. तिकेट काडून दवरूं?" मामाने आयुष्यात स्वतःच्या पैशाने तिकीट काढलेलं नाही. धेंपो-साळगावकर ही गोव्यातल्या जुन्या क्लबांची मॅच बघायला तो फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जायचा तोही कुणाच्या तरी पासवर. म्हणजे ताप किती चढलाय बघा.

मी म्हटलं, काढ मामा, पण 22 ऑक्टोबरचं राहू दे, 17 सप्टेंबरचं काढ. अल झवराबरोबरची मॅच. त्यावर पलीकडून विचारणा झाली, "ते कोण?"

झवरा हा बगदादचा क्लब. गटातला तिसरा प्रतिस्पर्धी ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल. आपल्या मोसमाचं खरं गणित या दोघांविरुद्धच्या चार मॅचमध्ये आहे, कारण गटातून पहिले दोनच पुढे जातात आणि पहिला नंबर अल नस्रला आत्ताच लिहून दिला तरी चालेल. साडियो माने, जुलैत आलेला जुआंव फेलिक्स, अशांची टीम ती. आपण तिथे पोचलो ते 13 ऑगस्टला फातोर्ड्यावर ओमानच्या अल सीबला 2-1 हरवून. द्राझिचने गोल केला, सिव्हेरिओने केला. इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनला, दुपार होती. जेवणाची सुट्टी पुढेमागे करून मी गोदामाच्या कँटीनमध्ये फोनवर बघत होतो, आणि शेवटची दहा मिनिटं सुपरवायझर शेजारी उभा राहून विचारत होता की हे नक्की कुठल्या देशात चाललंय.

आता रोनाल्डोचं. माझं भाकीत सरळ आहे: तो येणार नाही. चाळिशी गाठलेला माणूस, पुढच्या उन्हाळ्यात वर्ल्ड कप, सौदी लीग तोंडावर, आणि ही आशियातली दुसऱ्या दर्जाची स्पर्धा. गटातल्या परक्या मैदानावरच्या मॅचसाठी त्याला कोण विमानात बसवील? 2023 मध्ये मुंबई सिटीच्या गटात अल हिलाल आला तेव्हा नेमारचं असंच झालं होतं. ऑगस्टमध्ये गटवारी निघाली, मुंबई-पुण्याच्या पोरांनी रजा टाकल्या, ऑक्टोबरमध्ये नेमारचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये नव्या मुंबईत डी. वाय. पाटीलवर हिलाल नेमारशिवाय आला, 2-0 जिंकून गेला. स्टेडियम तरीही बऱ्यापैकी भरलं होतं, ही त्यातली चांगली गोष्ट.

तसा गोव्यात रोनाल्डो आलेलाच आहे. 2021 च्या डिसेंबरात कळंगुटला त्याचा पुतळा बसवला, चारशे किलोच्या वर वजनाचा. काळे बावटे घेऊन लोक उभे राहिले की गोव्याच्या खेळाडूचा का नाही? पोर्तुगीज जाऊन साठ वर्षं होत असताना पोर्तुगीजाचा पुतळा, हाही राग होता. मला त्या रागातला दुसरा भाग तितकासा पटत नाही. अर्ध्या गोव्याच्या घरात वर्ल्ड कपला पोर्तुगालचा झेंडा लागतो, माझ्याही लागला आहे, आणि इथे स्विंडनमध्ये राहणारे निम्मे गोंयकार पोर्तुगीज पासपोर्टवरच आलेत. पहिला भाग मात्र शंभर टक्के पटतो. ब्रह्मानंद शंखवाळकर या राज्याने दिला, भारताचा कप्तान, गोलमध्ये उभा राहिला की समोरच्याला जाळी दिसत नसे. ब्रुनो कुतिन्हो दिला. त्यांचे पुतळे कुठे आहेत?

पण पुतळ्याचा वाद निदान पुतळ्यापुरता होता. आत्ताचा वाद मला जास्त खुपतो, कारण सगळे रोनाल्डोच्या विमानाकडे बघतायत आणि पायाखाली लीगच नाही. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ही भारतातली पहिल्या पायरीची लीग साधारण सप्टेंबरात सुरू होते. यंदा 11 जुलैला ती स्थगित झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये रिलायन्सच्या कंपनीशी पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार केला होता, तो 8 डिसेंबर 2025 ला संपतो. हे लिहिताना पुढचं काही ठरलेलं नाही, महासंघाच्या घटनेचा निकाल सर्वोच्च न्यायालयात अडकलाय, आणि अर्ध्या मोसमात संपणाऱ्या करारावर पैसे लावायला आयोजक तयार नाहीत. बेंगळुरू एफसीने ऑगस्टच्या सुरुवातीला पहिल्या टीमचे पगार थांबवले. अकरा क्लबांनी मिळून महासंघाला पत्र लिहिलं की असंच चाललं तर कायमचं टाळं लावावं लागेल. सप्टेंबरमध्ये आधी सुपर कप, ही देशातल्या क्लबांची कप स्पर्धा, उरकून घेऊ, हे महासंघाचं उत्तर. म्हणजे झवरा आणि इस्तिक्लोल आपल्या लीगमध्ये घाम गाळून फातोर्ड्याला येणार, आणि आमची पोरं सरावाच्या मॅच खेळून. आमचा मानोलो मार्केझ चांगला कोच आहे. पण कॅलेंडर त्याच्या हातात नाही.

मी राहतो ते स्विंडन इंग्लंडच्या चौथ्या पायरीवर खेळतं. लीग टू हे नाव ऐकून गोव्यातल्या लोकांना दुसरी पायरी वाटते, ती चौथी. 1969 मध्ये या क्लबने वेम्ब्लीवर आर्सेनलला 3-1 हरवून लीग कप जिंकला होता आणि शहर अजून त्यावर जगतंय. 1993-94 मध्ये एकच मोसम प्रीमियर लीगमध्ये काढला, त्यात बरोबर 100 गोल खाल्ले. क्लबचं मैदान काउंटी ग्राउंड, त्याच्या शेजारी मॅजिक राउंडअबाउट म्हणून पाच छोट्या चौकांचा एक चक्रव्यूह आहे. पाहुणे क्लबचे लोक त्यात शिरून गोल गोल फिरत असतात. यजमान म्हणून आमची सगळ्यात भक्कम बचावफळी तीच.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा बसतो, निवृत्त रेल्वे कामगार. थर्मासमधला चहा झाकणात ओततो, मला कधी विचारत नाही. जूनमध्ये मोसमाचं वेळापत्रक जाहीर झालं की तो ते छापून घेतो, चार घड्या घालून पाकिटात ठेवतो आणि प्रत्येक मॅचनंतर बॉलपेनने त्यावर निकाल लिहितो, अगदी बारीक अक्षरात. 46 मॅच. घडीवर कागद फाटायला लागला की चिकटपट्टी. ऑगस्टमध्ये म्हणतो, यंदा प्लेऑफ नक्की, म्हणजे वरच्या पायरीवर जायच्या बाद फेऱ्या. फेब्रुवारीत म्हणतो, खालच्या दोघांत नाही आलो म्हणजे मिळवली. गेल्या मोसमात सुरुवातीला खरोखरच तळाजवळ होतो, मग ऑक्टोबरअखेर कोच म्हणून आलेल्या इयन हॉलोवेने टीम गुणतक्त्याच्या मध्यावर आणून ठेवली. खेळ म्हणाल तर मंगळवारच्या पावसात बघवत नाही. बॉल आकाशात जास्त, गवतावर कमी. एफसी गोवाचा ब्रायसन फर्नांडिस उजवीकडून आत शिरतो तसा शिरणारा एकही जण इथे नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. हेवा वाटतो तो त्या कागदाचा. त्या म्हाताऱ्याला एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आपण कुठे असणार ते माहीत आहे. भारतातल्या पहिल्या पायरीवरच्या खेळाडूला पुढच्या महिन्याचा पगार माहीत नाही.

हे लिहिलं की इथले काही आपलेच लोक लगेच सुरू होतात, बघा, इंग्लंड ते इंग्लंड, आपल्याकडे काही होणं नाही. त्यांना मोरकॅम्ब हा क्लब दाखवावा. गेल्या मोसमात आमच्याच लीगमध्ये होतं. खाली घसरलं, मालकाने पैसे थांबवले, पगार अडकले, नव्या लीगने निलंबित केलं. उन्हाळाभर लोक रस्त्यावर होते, तेव्हा कुठे 17 ऑगस्टला क्लब विकला गेला आणि वाचला. घेणारे कोण तर पंजाब वॉरियर्स, शीख मंडळी. ‘बरी’ नावाचा क्लब एवढा नशीबवान नव्हता; 1885 चा क्लब, 2019 च्या ऑगस्टमध्ये लीगमधून हाकलला गेला. स्विंडनही 2021 मध्ये दारात पोचलं होतं. तेव्हा इथे स्वर्ग वगैरे काही नाही. फरक एवढाच की ‘बरी’ बुडाल्यावर लोकांनी ते विसरू दिलं नाही. खासदारांच्या मागे लागले, समिती बसली, आणि या जुलैत फुटबॉल क्लबांवर नजर ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमायचा कायदा झाला. आणि आमचं काउंटी ग्राउंड? ते 2023 मध्ये नगरपालिकेकडून क्लब आणि चाहत्यांचा ट्रस्ट यांनी मिळून विकत घेतलं. उद्या कुणी मालक पळाला तरी मैदान विकून फ्लॅट बांधता येणार नाहीत.

घरच्या वादात मला दोन तट दिसतात. एक म्हणतो, आयएसएलने आमचे क्लब मारले, आता तीच बुडतेय तर बुडू दे. दुसरा म्हणतो, रिलायन्स गेलं की भारतीय फुटबॉल संपलं. पहिल्या तटात माझे सगळे जुने मित्र आहेत, आणि त्यांचं दुःख खरं आहे. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणलं, साळगावकर आणि चर्चिलने दोन-दोन वेळा. एवढ्याशा राज्याची नऊ विजेतेपदं! 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण नव्या आराखड्यात आय-लीगला, म्हणजे आयएसएलच्या आधीपासूनच्या राष्ट्रीय लीगला, खालची पायरी दिली होती आणि वर जायला जिनाच ठेवला नव्हता. तो अन्याय होताच. पण मित्रहो, त्या वर्षांतल्या आय-लीगच्या मॅचना फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये किती जण होतो ते आठवा. खाणवाल्या घराण्यांनी हौसेने क्लब पोसले, आपण पेपरात निकाल वाचून अभिमान बाळगला. तिकीट काढलं नाही. एफसी गोवा आल्यावर तेच 19,000 चं स्टेडियम भरायला लागलं आणि गावच्या पोराला मैदानाच्या पलीकडे नोकरी दिसायला लागली, हे नाकारून कसं चालेल?

दुसऱ्या तटाला विचारायचं ते वेगळं. एका कंपनीचा करार संपला म्हणून संपणारी लीग लीग होती कधी? जिला खाली घसरण नाही तिच्यात तळाच्या टीमने फेब्रुवारीत कशासाठी पळायचं? आणि आय-लीगचं यंदा काय झालं बघा. एप्रिलमध्ये चर्चिलला विजेते ठरवून ट्रॉफी दिली, गोव्यात पेढे वाटून झाले, जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिलं. ज्या महासंघाला संपलेल्या लीगचा विजेता सांगता येत नाही, त्याच्याकडून न सुरू झालेल्या लीगची तारीख मागतोय आपण.

या सगळ्या बैठकांत महासंघ आहे, कंपनी आहे, क्लबमालक आहेत, वकील तर भरपूर आहेत. चाहत्यांचा एकही माणूस नाही. गोव्यात निदान तो मागता येईल. फातोर्ड्याचं स्टेडियम सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाचं आहे, म्हणजे आपल्याच पैशाचं. ते क्लबला देताना चाहत्यांच्या संघटनेला एक खुर्ची द्या, अशी अट घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही. रोनाल्डोच्या स्वागताला जेवढे मंत्री उत्साहात आहेत त्यातल्या एकाने एवढं केलं तरी चालेल.

तर आता माझा मोसम. झवराशी घरच्या मैदानावर बरोबरी, इस्तिक्लोलला घरी हरवू, त्यांच्या गावी दुशान्बेला हरू. अल नस्रकडून फातोर्ड्यावर एका गोलाने हरलो तर मी तो विजय समजेन. गटात तिसरे, आणि मानोलोने काही जादू केलीच तर दुसरे. सुपर कप मेमध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरला 3-0 धुऊन आणलाय, तो राखू, याची मला जास्त खात्री आहे. आयएसएल जानेवारीच्या आत सुरू होत नाही, झाली तर छोटी, घाईघाईत उरकलेली. आणि आयएसएलचा तो कप, जो आपल्याला मिळतच नाही? 2015 ला घरच्या मैदानावर चेन्नईयिनने 3-2 ने हिसकावला, 2019 ला मुंबईत बेंगळुरूने जादा वेळेत, यंदा एप्रिलमध्ये सेमीफायनलला बेंगळुरूच्याच छेत्रीने भरपाईच्या वेळेत डोक्याने गोल मारला. छोट्या मोसमात दमायला वेळ मिळत नाही आणि आपली टीम नेहमी शेवटी दमते, म्हणून यंदा मला उलट जास्त आशा आहे. लीग होऊ द्या फक्त. स्विंडनचं म्हणाल तर सातवा नंबर, प्लेऑफ, आणि तिथे पेनल्टीवर हरणार. म्हाताऱ्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.