पाच मिनिटांत क्रिप्टो सुरू होतं, पण पैसे बाहेर कसे काढायचे?

एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर थोडेफार शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतोय. कधी सोसायटीच्या ग्रुपवर, कधी दहावीच्या बॅचच्या. त्याचा गाभा असा: क्रिप्टो आता कुणालाही जमेल इतकं सोपं झालंय, शंभर रुपयांत आणि पाच मिनिटांत सुरू करता येतं. सरकार त्यावर टॅक्स घेतं, म्हणजे ते कायदेशीर आहे. अ‍ॅप केंद्र सरकारच्या एफआययूकडे (फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) नोंदलेलं आहे, म्हणजे पैसे सुरक्षित आहेत. ब्लॉकचेन (क्रिप्टोच्या व्यवहारांची सामायिक डिजिटल वही) हॅक होत नाही. चढउताराची धास्ती वाटत असेल तर यूएसडीटी नावाचा कॉइन घ्या, तो डॉलरच आहे. पैसे काढायचे झाले तर पी२पीने, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकून काढा, टीडीएसही वाचतो. आणि सगळ्यात खाली रेफरलची लिंक.

मी आयकर रिटर्न भरण्याचं काम करतो. जुलैत फाइल घेऊन येणाऱ्यांत आता क्रिप्टोवाले असतातच, बहुतेक पंचविशीतले, नुकती नोकरी लागलेले. घेऊ नका असं मी त्यांना सांगत नाही, ज्याचे पैसे त्याची मर्जी. पण या मजकुरात सोपं झालेलं दिसतं ते फक्त आत शिरणं. नवख्या माणसाचे हाल होतात ते बाहेर पडताना, आणि त्याबद्दल यात जे लिहिलंय ते एक तर अर्धवट आहे किंवा सरळ चूक.

‘सरकार टॅक्स घेतं, म्हणजे कायदेशीर’ हे आधी घेऊ, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. २०२२च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आला. त्यानंतर काही दिवसांतच निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत स्पष्ट केलं होतं की वैध की अवैध हा प्रश्न वेगळा, कर लावणं हा सरकारचा अधिकार आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. म्हणजे आज क्रिप्टो घेणं हा गुन्हा नाही, एवढं खरं. पण ‘गुन्हा नाही’ आणि ‘संरक्षण आहे’ यांत बरंच अंतर आहे. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, शेअर दलालाने घोळ केला तर सेबीकडे तक्रार करता येते. क्रिप्टोच्या बाबतीत यातलं काहीच नाही.

कर लागला म्हणजे मान्यता मिळाली, हे तर्कट आयकराच्या जगात कधीच चाललेलं नाही. बेकायदा धंद्याच्या कमाईवरही कर लागतो. १९८०च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने चलनाची तस्करी करणाऱ्याला, सरकारने जप्त केलेली रक्कम धंद्यातला तोटा म्हणून वजा करू दिली होती. क्रिप्टोवाल्याला एवढीही सवलत नाही, आणि हीच गोष्ट फॉरवर्ड लिहिणारा सांगत नाही.

उदाहरण घ्या. एका कॉइनमध्ये २०,००० रुपये कमावले, दुसऱ्यात त्याच वर्षी २०,००० गमावले. हाती शून्य. तरी कर भरायचा तो पहिल्या वीस हजारांवर: ३० टक्क्यांनी ६,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण ६,२४० रुपये. दुसऱ्या कॉइनचा तोटा पहिल्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताच खर्च धरता येत नाही. पगार करपात्र मर्यादेच्या खाली असला तरी हा ३० टक्के सुटत नाही. हे आकडे कागदावर मांडून दाखवले की समोरचा मुलगा आधी माझ्याकडे बघतो, मग मोबाइलमधल्या अ‍ॅपकडे. अ‍ॅपमध्ये त्याला ‘एकूण नफा-तोटा’ असा एकच आकडा दिसत असतो, आयकर खातं तसं बघत नाही.

टीडीएसचंही तसंच. १ जुलै २०२२पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का कापला जातो, नफ्यावर नव्हे. एकदा घेऊन ठेवणाऱ्याला तो जाणवत नाही. पण दहा हजार रुपये वर्षभरात पन्नास वेळा विकून पुन्हा गुंतवले, तर भाव तसूभर न हलताही हातात सुमारे ६,०५० उरतात, बाकीचे टीडीएसमध्ये अडकतात. एक्स्चेंजचं, म्हणजे खरेदी-विक्री जिथे होते त्या कंपनीचं, शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळाच. अडकलेली रक्कम करात वळती होते किंवा परत मिळते, पण रिटर्न भरल्यावर. पोरं ट्रेडिंग करतात रोज आणि रिटर्नला येतात शेवटच्या आठवड्यात.

आता ‘एफआययूकडे नोंदणी म्हणजे सुरक्षित’. मार्च २०२३मध्ये केंद्र सरकारने क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणलं. तेव्हापासून त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंद करावी लागते, ग्राहकांची केवायसी ठेवावी लागते आणि संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. नोंदणी हवीच, नोंद नसलेल्या परदेशी अ‍ॅपच्या वाटेला जाऊच नये. पण ही यंत्रणा काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे. कंपनीकडे तुमचे कॉइन खरोखर आहेत का, ते कसे ठेवलेत, चोरी झाली तर भरपाई कोण देणार, हे एफआययू तपासत नाही आणि तपासणं तिचं कामही नाही.

याचा दाखला आपल्या मुंबईतलाच आहे. वझीरएक्स हे देशातलं मोठं एक्स्चेंज, एफआययूकडे नोंदलेलं. १८ जुलै २०२४ रोजी त्यांच्या एका वॉलेटमधून (कॉइनची डिजिटल तिजोरी) सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांचे कॉइन गेले. ग्राहकांच्या एकूण क्रिप्टोपैकी साधारण ४५ टक्के. पुढे जानेवारी २०२५मध्ये, जपानसोबतच्या संयुक्त निवेदनात, अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांनी ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांच्या नावावर टाकली.

इथेच ‘ब्लॉकचेन हॅक होत नाही’ याचंही उत्तर मिळतं. मोठ्या ब्लॉकचेनपुरतं वाक्य बरंचसं बरोबर आहे. त्या दिवशीही ब्लॉकचेनला ओरखडा उठला नव्हता. त्या वॉलेटमधून पैसे हलवायला अनेकांच्या सह्या लागत होत्या आणि त्या सह्या झाल्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच गोष्टीवर होत होती. सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्रणेत दोष नसल्याचं सांगितलं. दोष कुणाचाही असो, ब्लॉकचेनने मिळालेला आदेश इमानेइतबारे पाळला. तिला चोर आणि मालक कळत नाही, फक्त सही कळते. साखळी अभेद्य धरली तरी माणसं आणि पडदे तसे नसतात.

पुढचं जास्त बोलकं आहे. पैसे काढणं थांबलं. मालक कंपनी सिंगापूरची निघाली, त्यामुळे भारतीय ग्राहकांच्या पैशांचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात, तिथल्या पुनर्रचनेच्या कायद्याने झाला. योजना मंजूर होऊन एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. दरम्यान बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर जाऊन आला, पण ज्यांचे कॉइन अडकले होते त्यांना ना विकता आलं ना हलवता आलं. पहिल्या वाटपात सगळे परत मिळाले नाहीतच, उरलेल्यासाठी ‘रिकव्हरी टोकन’ हातावर ठेवले. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने याच एक्स्चेंजच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं म्हटलं. चांगलंच आहे ते, पण तिथवर जायला वकील लागतो.

याच्या उलट, जुलै २०२५मध्ये कॉइनडीसीएक्सचे सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले, तेव्हा कंपनीने ते स्वतःच्या खिशातून सोसले आणि ग्राहकांना झळ लागू दिली नाही. दोन्ही एक्स्चेंज नोंदणीकृत. फरक पडला तो किती गेलं आणि कंपनीच्या तिजोरीत किती होतं याने, आणि हे दोन्ही आकडे खातं उघडताना कुणी तुम्हाला दाखवत नाही.

यावर जाणकार म्हणतात, एक्स्चेंजवर ठेवूच नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या. सल्ला खरा, पण नवख्यासाठी सोपा अजिबात नाही. बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली मिळते, ती हरवली की संपलं. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण तिथे नसतं. बहुतेक जण त्या शब्दांचा स्क्रीनशॉट काढतात, तो फोनच्या गॅलरीतून थेट क्लाउडवर जाऊन बसतो. आणि शंभर रुपयांचं बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये न्यायला गेलात तर किमान मर्यादा आणि नेटवर्कचं शुल्क यातच ते अडकतं. शंभर रुपयांत सुरू होतं ते एक्स्चेंजच्या वहीतल्या नोंदीपुरतं.

यूएसडीटीबद्दल फार लिहीत नाही. तो टेदर कंपनीचा टोकन आहे, आम्ही याच्या मागे डॉलर आणि रोखे ठेवतो असं तिचं आश्वासन आहे. ठेवींबद्दल दिशाभूल केली म्हणून अमेरिकेच्या नियामकाने २०२१मध्ये तिला ४.१ कोटी डॉलर दंड केला होता. तरी तो आजवर टिकला आहे. दुसरा एक ‘डॉलरच’ असलेला टोकन, टेराचा यूएसटी, मे २०२२मध्ये काही दिवसांत मातीमोल झाला.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पी२पीच्या ओळीने होतं. प्रकार असा: तुम्ही यूएसडीटी विकायला ठेवता, कुणीतरी अनोळखी घेतो, रुपये त्याच्याकडून थेट तुमच्या बँक खात्यात येतात. अ‍ॅप फक्त एवढं बघतं की पैसे पोचले. ते कुठून आले हे बघत नाही. समजा ते ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून उकळलेले होते. तो शिक्षक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करतो. पोलीस पैशांचा माग एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात काढत तुमच्यापर्यंत येतात आणि बँक तुमचं खातं गोठवते.

सिन्नरच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा असाच आला होता. ३८,००० रुपयांचे यूएसडीटी विकले होते आणि पगाराचं खातं बंद. शाखेत विचारलं तर एक तक्रार क्रमांक आणि परराज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याचं नाव मिळालं, बस. मोटारसायकलचा हप्ता बाउन्स झाला. पोलीस ठाण्याला ईमेल, मग फोन, मग अर्ज, सोबत पी२पी व्यवहाराचे स्क्रीनशॉट. त्याने काही चोरलं नव्हतं, पण ते सिद्ध करणं त्याच्या गळ्यात पडलं. आणि ज्या टीडीएससाठी हा आटापिटा केला तो नियमाने सुटतोच असं नाही. पी२पीत कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, आणि त्याने कापला नाही म्हणून तुमचा ३० टक्के कर माफ होत नाही.

राहिली लिंक. तिच्यात गुन्हा नाही, कमिशन आहे, आणि कमिशन मिळणाऱ्याच्या सल्ल्याला जेवढं वजन द्यायचं तेवढं द्यावं. पण ‘तुम्हाला काही समजायची गरज नाही, सगळं सोपं करून दिलंय’ हे वाक्य मराठी माणसाने आधी ऐकलेलं आहे. पुण्यात ज्याचे गुन्हे दाखल झाले त्या गेनबिटकॉइनची विक्री याच वाक्यावर झाली. मशीन आम्ही चालवतो, मायनिंग आम्ही करतो, तुम्ही फक्त बिटकॉइन द्या आणि अठरा महिने दरमहा १० टक्के घ्या. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी त्यांच्याच घरच्या एमकॅप नावाच्या टोकनमध्ये मिळू लागला, ज्याला बाहेर कुत्रं विचारत नव्हतं. प्रवर्तक अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८मध्ये पकडलं. त्याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना, आरोपींचे जप्त कॉइन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून २०२२मध्ये अटक झाली. क्रिप्टोचा माग सगळा उघड दिसतो म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं.

तरीही ज्याला सुरू करायचंच आहे त्याला मी एक गोष्ट सांगतो. नोंदणीकृत भारतीय एक्स्चेंजवर हजार रुपयांचं काहीतरी घ्या, पण लगेच वाढवू नका. त्यातलं अर्धं विका, रुपये स्वतःच्या बँकेत आणा. किती शुल्क गेलं, किती टीडीएस कापला, तो काही महिन्यांनी एआयएसमध्ये (आयकर खात्याकडची तुमची वार्षिक माहिती) दिसतो का, हे बघा. रिटर्नमध्ये शेड्यूल व्हीडीए हा क्रिप्टोसाठीचा तक्ता भरा. पगारदारांचा नेहमीचा ‘सहज’ फॉर्म त्यासाठी चालत नाही. ही एक फेरी पुरी झाल्याशिवाय दुसरा हजार घालू नका. आणि दर तीन महिन्यांनी व्यवहारांची फाइल एक्स्चेंजवरून उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा. अ‍ॅप बंद पडलं आणि खरेदीची किंमत दाखवता आली नाही, तर विक्रीची अख्खी रक्कम नफा धरली जाण्याची वेळ येते.