क्लाउडवरचा मुकादम

अभिनंदन! अमेरिकेत डेलावेअर राज्यात कंपनी नोंदवून झाली, न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घराच्या तळघरात दोन मॉनिटर लागले, आता माणसं हवीत. न्यू जर्सीत माणूस ठेवायचा तर पगार झेपत नाही आणि त्याचा आरोग्यविमा तर त्याहून झेपत नाही. म्हणून तुम्ही उदार मनानं जगाला संधी द्यायचं ठरवलंत. एक पोरगा नाशिकला, एक बाई मनिलाला, एक डिझायनर लिस्बनला, एक इंजिनिअर हॅम्बुर्गला. चार देश, चार कायदे आणि तुम्ही एकटे. घाबरू नका, यासाठी सॉफ्टवेअर आहे.

त्यातल्या मुख्य सोयीला ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’, म्हणजे नुसता कागदोपत्रीचा मालक, म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तुमचं गाव बीडकडचं असेल तर ही सोय तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. तिला आपल्याकडे मुकादम म्हणतात. साखर कारखान्याला ऊस तोडायला माणसं हवी असतात, मालक मात्र व्हायचं नसतं. मग मुकादम उचल देऊन टोळी बांधतो, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, आणि फडात कुणाला काही झालं की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो नि मुकादम कारखान्याकडे. या व्यवस्थेत कमी होती ती फक्त डॅशबोर्डची.

(खरं तेही सांगायला हवं. क्लाउडवरचा मुकादम पीएफ भरतो, पगाराची स्लिप देतो; फडात हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पण गावचा मुकादम कुणाची म्हैस व्याली हेही जाणून असतो. इथे तक्रार केली तर तिकीट नंबर मिळतो.)

तर नाशिकच्या पोराचं नेमणूकपत्र काढेल एक बेंगळुरूची कंपनी, जिचं दार त्यानं कधी पाहिलेलं नसेल. काम सांगाल तुम्ही. या सेवेचे मोठ्या प्लॅटफॉर्मचे जाहीर दर माणशी महिना सहाशे डॉलरच्या घरात आहेत. पोराच्या पगारवाढीचा विषय निघाला की ‘बजेट नाही’ म्हणताना हा आकडा मनात आणू नका, उगाच आवाज कापतो.

सहाशेही जड जात असतील तर त्याला कंत्राटदार करा, ते काम पन्नासात होतं. करारात छान लिहिलेलं असतं की हा स्वतंत्र व्यावसायिक असून स्वतःच्या सोयीच्या वेळी काम करतो. सही झाली रे झाली की त्याला रोजच्या सकाळी साडेनऊच्या मीटिंगचं निमंत्रण धाडा. तुमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे त्याचे संध्याकाळचे सात, आणि मनिलाच्या बाईंचे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की त्याचे आठ, त्यांचे साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुमची घड्याळं पुन्हा पुढे जातात, हॅम्बुर्गची जातात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत हॅम्बुर्गवाला तासभर उशिरा उगवेल. त्याला वक्तशीरपणावर चार शब्द सुनवा. जर्मनाला वक्तशीरपणा शिकवण्याची संधी काही रोज येत नाही.

स्वतंत्र व्यावसायिकाला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, हक्काची रजा नाही. त्यानं गणपतीला दोन दिवस मागितले तर ‘तुम्ही तुमच्या मर्जीचे मालक आहात’ म्हणा आणि त्याच दिवशी रिलीज ठेवा. तुमचं काय, तुमचा मंडळाचा गणपती शनिवार-रविवार बघूनच बसतो.

आता निवड. उमेदवारांशी बोलण्यात वेळ घालवू नका, त्यांना कॅमेऱ्यासमोर एकट्यानं बोलायला लावा आणि मशीनला गुण देऊ द्या. मशीन पक्षपात करत नाही, ते तुमचाच पक्षपात वेगानं करतं. अ‍ॅमेझॉननं असं एक मशीन दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवलं होतं. त्यातले बहुतेक अर्ज पुरुषांचे, त्यामुळे अर्जात ‘महिलांचा’ असा शब्द दिसला की ते गुण कापू लागलं. २०१८ साली ही बातमी बाहेर आली, तोवर कंपनीनं ते गुंडाळलं होतं. युरोपियन युनियननं तर २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी मशीननं माणसाच्या भावना ओळखण्यावरच बंदी घातली. तुम्हाला चिंता नको. तुम्ही स्वतःही कुणाच्या भावना ओळखत नाही.

चेहरा न बघता माणूस घेण्याचे फायदे उत्तर कोरियानं सगळ्यांच्या आधी ओळखले. अ‍ॅरिझोनातल्या एका बाईंच्या घरातून २०२३ साली कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी पाठवलेले नव्वदहून अधिक लॅपटॉप जप्त झाले. तीनशेच्या वर अमेरिकी कंपन्यांनी ‘आपल्याच देशातला रिमोट कर्मचारी’ म्हणून माणसं घेतली होती, आणि कीबोर्डवर दुरून बोटं होती उत्तर कोरियाच्या पोरांची. बाईंना जुलै २०२५ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. कंपन्यांच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार असणार, कारण पोरं काम वेळेत देत होती. नाशिकच्या पोराची मात्र कसून तपासणी होईल, कारण त्याच्या आधारवर वडिलांचं पूर्ण नाव आहे, पॅनवर नुसतं आद्याक्षर आहे, आणि पासपोर्टात त्याचं नि वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे. स्वागताचा ईमेल वडिलांच्या नावानं येईल. ते बिचारे एसटीतून निवृत्त झालेत.

फेब्रुवारीत एक मोठं संकट येईल, तयारीत राहा. पोराच्या खात्यात नेहमीपेक्षा शंभर रुपये कमी जमा होतील. तो विचारेल. तुम्ही प्लॅटफॉर्मला विचाराल. चॅटबॉट त्याला मनःशांतीचा लेख पाठवेल. मग तक्रारीचं तिकीट वरच्या साहेबांपर्यंत चढेल आणि नवव्या दिवशी उलगडा होईल की सॉफ्टवेअर बरोबर होतं: महाराष्ट्रात व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो, वर्षाचे २५०० भरावेत म्हणून. १९७५ साली रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून हा कर बसला. म्हणजे तुमच्या चॅटबॉटनं नऊ दिवस जे शंभर रुपये शोधले, त्यांची सुरुवात दुष्काळी कामावरच्या खडी फोडणाऱ्या माणसांपाशी आहे. हे त्या लेखात नव्हतं.

मनिलाच्या बाई २४ डिसेंबरच्या आत तेराव्या महिन्याचा पगार मागतील. तिथे तो कायद्यानंच आहे. लिस्बनचा डिझायनर वर्षाचे चौदा पगार मागेल, आणि कामाची वेळ संपल्यावर त्याला मेसेज केलात तर पोर्तुगालचा कायदाही दाखवेल. या दोघांना प्लॅटफॉर्मवर ‘महागडे प्रदेश’ असं लेबल लावा नि पुढची भरती नाशिकलाच करा. आपली माणसं समजूतदार असतात, रात्री अकराच्या मेसेजला अंगठा दाखवून उत्तर देतात.

कुणाला काढायचं झालं तर २०२१च्या डिसेंबरातला एका अमेरिकी गृहकर्ज कंपनीचा आदर्श आहेच: झूमच्या एका कॉलवर नऊशेच्या आसपास माणसं घरी, त्यात भारतातलीही होती. आता तर कॉलही लागत नाही, एक बटण आहे. हॅम्बुर्गसाठी ते दाबू नका. जर्मनीत नोकरीवरून काढण्याचं पत्र कागदावरच लागतं, शाईच्या सहीसकट. ईमेल, डिजिटल सही, काही चालत नाही. जगातला सर्वात आधुनिक प्लॅटफॉर्म घेऊनही तुम्हाला एक दिवस बॉलपेन शोधावं लागणार आहे. तळघरात बघा, मुलांच्या जुन्या दप्तरात असेल.

शेवटी नाशिकचा पोरगा गृहकर्ज काढेल. बँकेचा साहेब विचारेल, नोकरी कुठे? नेमणूकपत्र बेंगळुरूचं, काम न्यू जर्सीचं, टेबल स्वतःच्या घरातलं. साहेब बेंगळुरूला फोन लावेल. तिथून सांगतील, आमच्या कागदावर आहे, पण काय करतो ते ठाऊक नाही. मग फोन तुम्हाला येईल. गोंधळू नका. काय करतो ते सगळं सांगा, अगदी मनापासून कौतुक करा, आणि तो तुमचा कर्मचारी आहे का असं विचारलं की ‘नाही’ म्हणा. खोटं बोलल्यासारखं वाटेल, पण कागदोपत्री तेवढंच खरं आहे.