'म्हणजे नक्की करता काय तुम्ही?'

अकरा वर्षं एका परदेशी सांस्कृतिक संस्थेच्या पुण्यातल्या ऑफिसात काढली, नाव लिहीत नाही, आणि त्या अकरा वर्षांत आमच्या आत्याला मी काय करते हे काही कळलं नाही. आधी तिला वाटायचं नाचगाण्याचे कार्यक्रम बसवते. मग कुणीतरी सांगितलं परदेशी ऑफिस आहे, तर लगेच "बंड्याचा व्हिसा तेवढा लवकर करून दे गं". अगं आत्या, आम्ही वकिलात नाही!

पण तिचं तरी काय चुकलं म्हणा. या संस्थांची नावंच अशी. जर्मनीची गोएथे इन्स्टिट्यूट १९५१ ची, पण आपल्याकडे ती मॅक्स म्युलर भवन, आणि ज्याच्या नावाचं भवन तो संस्कृतचा जर्मन पंडित आयुष्यात एकदाही भारतात आला नाही. ब्रिटिश कौन्सिल म्हटलं की माझ्या वयाच्या पुणेकरांना फर्ग्युसन रोडवरची लायब्ररीच आठवणार, ते कार्ड, तो एसी, ती शांतता. ती संस्था १९३४ ची, भारतात १९४८ पासून. आता एवढा जुना कारभार चालतो कशावर? ब्रिटिश सरकारचं अनुदान असतं, पण त्यात भागत नाही, बहुतेक पैसा येतो इंग्रजी शिकवून नि परीक्षा घेऊन. २०२१ मध्ये त्यांनी भारतातला आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी शिकायला जाणारे देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेचा, कारभार आयडीपी नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीला विकला, तब्बल १३ कोटी पौंडांना! म्हणजे बघा परीक्षेत किती पैसा असतो ते.

आणि तरी या क्षेत्रात मान कुणाला, तर आर्ट्सवाल्यांना. प्रदर्शनाचं उद्घाटन, हातात वाईनचा ग्लास, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आम्ही परीक्षावाले सकाळी सातला पाण्याच्या बाटल्यांची लेबलं काढत बसलेलो आणि पोरांना घड्याळं बाहेर ठेवायला सांगत असलेलो. माझं स्पष्ट मत आहे की खरे सांस्कृतिक संबंध असतील तर ते याच टेबलावर होतात.

एकदा कराडकडचा एक मुलगा आला, रात्रीच्या एसटीने, स्वारगेटला तोंड धुऊन थेट सेंटरवर. नाव ज्ञ वरून. पासपोर्टवर डी एन वाय, आणि फॉर्म भरला होता दिल्लीच्या कुठल्यातरी एजंटने, त्याने लिहिलं जी वाय. हिंदीवाले ग्य म्हणतात, आपण द्न्य म्हणतो, आपल्याला यात काही विशेष वाटत नाही पण सिस्टिमला ही दोन वेगळी माणसं. नियम म्हणजे नियम, नाव जुळलं नाही की प्रवेश नाही. मुलाचं तोंड एवढंसं झालेलं, फी भरलेली, पुढची तारीख दोन महिन्यांनी.

मी फोन लावला. पलीकडे साहेब, भला माणूस, पण त्याच्या देशात पहाटेचे चार. त्याला झोपेतून उठवून मी देवनागरी शिकवतेय, की हे एकच अक्षर आहे, मराठीत असं बोलतात, हिंदीत तसं बोलतात, जन्मतारीख एकच, वडिलांचं नाव एकच, फोटो एकच. तो म्हणाला, "यू मीन सेम लेटर?" म्हटलं हो रे बाबा सेम लेटर. मग फोटो काढून पाठवला, कागदावर मोठ्ठा ज्ञ काढून. पाच मिनिटं शांतता. शेवटी मेल आला, बसू दे, पण सविस्तर रिपोर्ट लिही.

मुलगा दुपारी बाहेर आला तेव्हा पेपर कसा गेला ते विचारायच्या आधी त्यानेच विचारलं, "मॅडम, इथून स्वारगेटला कुठली पीएमटी जाते?"

मी ज्ञ वर अर्धं पान इंग्रजी लिहिलं. महिन्याच्या अहवालात 'सांस्कृतिक उपक्रम' या रकान्यात दोन फिल्म शो नि एक फोटो प्रदर्शन होतं. माझा ज्ञ गेला 'इन्सिडेंट' मध्ये, एका लीक झालेल्या एसीच्या खाली.